दहावी-बारावीला गुण कमी पडले, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागला की पुढचे दोन-तीन आठवडे माझा फोन थांबत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना आणि नंतर प्रवेशाच्या मदत केंद्रावर बसताना तेच प्रश्न इतक्या वेळा आले, की ते एकत्र लिहून ठेवायचं ठरवलं. सगळी उत्तरं महाराष्ट्र राज्य मंडळ आणि इथल्या प्रवेशप्रक्रिया धरून आहेत. तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

१. बारावीला ४८ टक्के पडले. आता चांगल्या कॉलेजची आशा सोडायची का?

नाही. पण आधी एक गोष्ट नीट समजून घे, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावर उभी आहेत. गुणपत्रिकेवर टक्क्यांचा आकडा एकच असतो, प्रवेशाच्या वेळी मात्र तीन वेगळ्या गोष्टी बघतात. तू उत्तीर्ण आहेस का, ही पहिली. त्या अभ्यासक्रमाची पात्रता, म्हणजे ठरावीक विषयांतले किमान गुण, तुझ्याकडे आहेत का, ही दुसरी. आणि गुणवत्ता यादी कशावर लागते, ही तिसरी.

अभियांत्रिकीची यादी एमएचटी-सीईटी किंवा जेईई या प्रवेशपरीक्षांवर लागते, एमबीबीएसची नीटवर, केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवीची बहुतेक ठिकाणी सीयूईटीवर. इथे बारावीचे गुण पात्रतेत बसले की त्यांचं मुख्य काम संपतं. पात्रता गाठलेल्या ४८ टक्केवाल्याचा सीईटीतला पर्सेंटाइल (म्हणजे शंभरातले किती परीक्षार्थी आपल्या मागे आहेत तो आकडा) ८५ टक्केवाल्यापेक्षा जास्त असेल, तर यादीत तो वर असतो. याउलट शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात बीकॉम किंवा बीएस्सी हवं असेल, तर तिथली यादी बहुधा बारावीच्या टक्क्यांवरच लागते आणि तिथे ४८ कमी पडतात. म्हणून ‘मला ४८ आहेत, काय मिळेल’ असं विचारण्याआधी ‘मला जे हवंय तिथे कोणता आकडा बघतात’ ते शोध.

२. निकाल लागल्यावर पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं?

मुदती लगेच सुरू होतात, त्यामुळे रडून झाल्यावर, आणि रडायला काहीच हरकत नाही, विषयवार गुण कागदावर उतरवा. एखाद्या विषयाचे गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटत असतील, तर मंडळाकडे तीन सोयी आहेत. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. छायाप्रत म्हणजे तुमच्या उत्तरपत्रिकेची प्रत. पुनर्मूल्यांकनात उत्तरं पुन्हा तपासली जातात, पण त्यासाठी आधी छायाप्रत घेणं बंधनकारक आहे आणि ती मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत अर्ज करावा लागतो.

छायाप्रत आली की ती त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा. ते म्हणाले की चार-पाच गुण सुटलेत, तरच पुढचे पैसे भरा. पात्रतेला दोन-तीन गुण कमी पडत असतील, तर हा खटाटोप नक्की करावा. ६२ चे ६४ होण्यासाठी करू नये.

पुरवणी (प्रश्न ३) किंवा श्रेणीसुधार (प्रश्न ४) परीक्षेचे अर्जही याच सुमारास सुरू होतात. पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट बघत ती मुदत घालवणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. दोन्ही अर्ज भरून ठेवावेत.

३. बारावीत एक विषय राहिला. वर्ष गेलंच ना?

बहुतेक वेळा नाही. पुरवणी परीक्षा पूर्वी सप्टेंबर-ऑक्टोबरला व्हायची आणि निकाल हातात येईपर्यंत प्रवेश संपलेले असायचे. आता ती जून-जुलैत होते आणि निकाल साधारण जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये लागतो. अभियांत्रिकी, फार्मसी यांच्या फेऱ्या बऱ्याचदा तोपर्यंत चालू असतात, आणि पदवी महाविद्यालयांत जागा शिल्लक असतात. सीईटी आधीच दिलेली असेल, तर तिचा निकाल त्याच वर्षीच्या प्रवेशाला धरतात. म्हणून बोर्डाचे पेपर वाईट गेले म्हणून सीईटीला दांडी मारू नका. हे मी वर्गात घसा कोरडा पडेपर्यंत सांगत आलोय.

अर्ज आपल्याच कॉलेजातून भरायचा असतो. फक्त राहिलेल्या विषयाची परीक्षा द्यावी लागते, बाकीच्या विषयांचे गुण तसेच राहतात.

४. मी पास आहे, पण गुण वाढवायचेत. पुन्हा परीक्षा देता येते का?

येते. तिला श्रेणीसुधार योजना म्हणतात. सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्यांसाठीच ती आहे आणि परीक्षा सर्व विषयांची द्यावी लागते. ‘फक्त गणित पुन्हा देतो’ असं चालत नाही. संधी निकालानंतरच्या लगतच्या मोजक्याच परीक्षांपुरती असते. तीन-चार वर्षांनी आठवण झाली तर दार बंद झालेलं असतं. गुण वाढले नाहीत तर पहिला निकाल हातचा जात नाही.

करावं का? पात्रतेला गुण कमी पडत असतील तर जरूर करावं (प्रश्न ५, ९ आणि १०). सगळे विषय एका महिन्यात पुन्हा करून जुलैला मोठी उडी मारणं मात्र अवघड आहे. ज्यांचे गुण खरोखर वाढलेले मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांनी फेब्रुवारी-मार्चची परीक्षा धरून वर्षभर अभ्यास केला होता.

५. सीईटीला ८९ पर्सेंटाइल आहेत, पण पीसीएमचे (भौतिक, रसायन, गणित) ४५ टक्के भरत नाहीत. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल का?

तसाच नाही मिळणार. खुल्या गटाला ठरावीक तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १३५. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के, म्हणजे १२० पुरतात. एकूण टक्केवारी ५८ असूनही या तीन विषयांत १३१ भरल्यामुळे अडकलेली मुलं दर जूनला भेटतात. मराठी आणि इंग्रजीचे गुण या बेरजेत धरत नाहीत, हे त्यांना त्या दिवशी कळतं.

खचण्याआधी दोन गोष्टी तपास. पहिली: भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे आहेत, पण तिसरा विषय रसायनशास्त्रच हवा असं नाही. जीवशास्त्र किंवा मान्य तांत्रिक-व्यावसायिक विषय असेल आणि त्यात जास्त गुण असतील, तर बेरीज बदलते. कोणते विषय चालतात त्याची यादी माहितीपुस्तिकेत असते. दुसरी: तू मागास प्रवर्गातला असून जातवैधता किंवा नॉन-क्रीमिलेअरचा कागद नाही म्हणून खुल्या गटात अर्ज भरला आहेस का? कागद मुदतीत आला तर पात्रतेची रेघच ४० वर येते.

तरीही भरत नसतील, तर श्रेणीसुधार (प्रश्न ४), किंवा बारावी विज्ञानाच्या जोरावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. डिप्लोमाचा रस्ता पुढे कुठे जातो ते प्रश्न ७ मध्ये आहे.

६. दहावीत दोन विषय राहिले. अकरावीला बसता येईल का?

येतं. एक किंवा दोन विषयांत अनुत्तीर्ण असलेल्याला एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याच्या, सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. राहिलेले विषय अकरावीच्या वर्षातच सोडवावे लागतात, त्याशिवाय बारावीत जाता येत नाही. माझं मत विचाराल तर जून-जुलैच्या पुरवणीतच दोन्ही काढून टाका. अकरावीचा अभ्यास आणि दहावीचं गणित एकाच वेळी ओढताना मुलं दोन्हीकडे मागे पडतात. तीन किंवा जास्त विषय राहिले असतील तर आधी पुरवणी, मग प्रवेश.

७. मुलाला दहावीला ५२ टक्के आहेत. सायन्स घ्यावं की डिप्लोमा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर घाईत देऊ नये.

दहावीनंतरच्या पॉलिटेक्निक डिप्लोमाला किमान ३५ टक्के लागतात आणि प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. शासकीय तंत्रनिकेतनात मागणी असलेल्या शाखांची यादी ५२ च्या बरीच वर थांबते, पण कमी मागणीच्या शाखांत आणि जवळच्या खासगी संस्थांत जागा मिळतात. तीन वर्षांनी डिप्लोमा झाला की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. त्यासाठी सीईटी नाही. डिप्लोमाला खुल्या गटात ४५ आणि राखीव गटात ४० टक्के हवेत, आणि यादी डिप्लोमाच्या गुणांवरच लागते. पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशा संस्थांतही या वाटेने मुलं जातात. म्हणजे तिथे दहावीच्या ५२ टक्क्यांचा प्रश्नच येत नाही. माझ्या दृष्टीने कमी गुणांच्या मुलासाठी आपल्याकडे यापेक्षा मोकळा रस्ता दुसरा नाही.

पण डिप्लोमा सोपा असतो हा समज काढून टाका. पहिल्याच सत्रात गणित आणि विज्ञान अंगावर येतं, आणि मराठी माध्यमातून आलेलं मूल पुस्तकातल्या इंग्रजीने बावरतं. पहिल्या वर्षी विषय मागे राहिले की पुढची साखळीच बिघडते. दहावीत गणितात ३५-४० पडले असतील, तर मे-जूनचे दोन महिने बीजगणित आणि त्रिकोणमिती पुन्हा करून घ्या. क्लास लावा किंवा शेजारच्या ताईला बसवा, पण करून घ्या.

सायन्स कधी घ्यावं? मुलाला डॉक्टरकी, शेती, शुद्ध विज्ञान यांची खरी ओढ असेल आणि दहावीचे गुण आजारपण, घरातली अडचण अशा कारणाने कमी आले असतील तर. ‘सगळे घेतात म्हणून’ घेतलेल्या सायन्सचा शेवट बऱ्याचदा प्रश्न ५ मध्ये होतो.

एक बारकी सूचना: अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावं लागतं. डिप्लोमाची यादी यायची असेल, तर पसंतीक्रम विचार करून भरा.

८. आयटीआय केलं तर पुढचं शिक्षण बंद होतं का?

बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि तिथून प्रश्न ७ मधला पदवीचा रस्ता. आयटीआयच्या विषयांचे गुण वर्ग करून, भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावी मिळवायची सोयही आहे, त्याची चौकशी आयटीआयच्या कार्यालयातच करा. फिटर, इलेक्ट्रिशियन झालेला मुलगा शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन घेत पुढे शिकतो, तेव्हा घरावरचा भारही हलका होतो.

९. नीटला गुण चांगले आलेत, पण बारावीचे पीसीबी कमी आहेत. मग?

एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस या सगळ्यांना भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाला ४० टक्के लागतात. ते नसतील तर नीटचा आकडा कितीही मोठा असो, त्या वर्षी प्रवेश होत नाही. श्रेणीसुधार करून पुढच्या वर्षी नीट पुन्हा द्यावी लागेल. नीटला सध्या वयाची वरची मर्यादा नाही.

आरोग्यक्षेत्रच हवं असेल आणि नीटचा नाद सोडायचा असेल, तर डी.फार्म बघा. बारावी विज्ञान उत्तीर्ण एवढ्यावर प्रवेश, दोन वर्षं, आणि पुढे बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. जीएनएम नर्सिंगला बारावीला ४० टक्के पुरतात.

१०. जेईईसाठी ७५ टक्के लागतात ते नेमकं कुठे?

जेईई मेन द्यायला टक्क्यांची अट नाही. अट आहे एनआयटी, ट्रिपल आयटी आणि आयआयटीत प्रत्यक्ष प्रवेश घेताना: बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती, जमाती, दिव्यांग यांना ६५), किंवा आपल्या मंडळातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत, असणं. दुसऱ्या पर्यायाकडे बरेच जण लक्षच देत नाहीत, तो तपासा. राज्यातल्या कॉलेजांना जेईईच्या गुणांवर अर्ज करताना ही ७५ ची अट लागत नाही, तिथे प्रश्न ५ मधलीच पात्रता.

गॅप घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: जेईई अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांतच दोनदा देता येते. एमएचटी-सीईटी कितीही वेळा देता येते.

११. एक वर्ष गॅप घेऊ का? लोक काय म्हणतील याची आईला भीती वाटते.

आईला सांग, गॅप सर्टिफिकेट म्हणून एक साधं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि चौथ्या सत्रानंतर तुझं वर्ष गेलं होतं हे कुणाला आठवतही नाही.

मी मुलांना एक कागद काढायला सांगतो. कोणत्या विषयात किती गुण गेले आणि का गेले, हे प्रत्येक विषयापुढे लिहायचं. ‘अकरावीचा भाग केलाच नव्हता’, ‘गणिताचा सराव तीन आठवडे केला’ अशी ठोस कारणं लिहिता आली, तर गॅप उपयोगी पडतो. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. अशा परीक्षेत वर्षभराच्या सरावाने फरक पडतो. कागदावर फक्त ‘नशीब’ आणि ‘पेपर अवघड होता’ एवढंच आलं, तर पुढचं वर्षही तसंच जातं. त्यापेक्षा मिळतंय तिथे प्रवेश घेऊन टाक.

पात्रतेचे गुणही कमी असतील तर गॅपच्या वर्षात सीईटी आणि श्रेणीसुधार दोन्ही कर.

१२. मी आर्ट्स-कॉमर्सचा आहे. माझ्यासाठी काय?

सीए फाउंडेशनला बारावी उत्तीर्ण पुरते, टक्क्यांची अट नाही. पाच वर्षांच्या एलएलबीला सर्वसाधारण गटात ४५ टक्के आणि सीईटी लागते. ते नसतील तर आधी कुठलीही पदवी आणि मग तीन वर्षांची एलएलबी, तेव्हा पदवीचे गुण बघतात. एनडीएच्या परीक्षेला बारावी उत्तीर्ण चालते, किमान टक्के नाहीत. भूदलाला कोणतीही शाखा चालते, नौदल आणि हवाईदलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं.

साधी बीए, बीकॉम तालुक्याच्या कॉलेजात केली तरी कमीपणा नाही. एमपीएससी आणि यूपीएससीला पदवी लागते, बारावीचे टक्के विचारत नाहीत. एमबीएच्या कॅट या प्रवेशपरीक्षेला पदवीचे ५० टक्के (अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना ४५) पुरतात, मात्र नावाजलेल्या संस्था निवडीत दहावी-बारावीचे गुणही मोजतात.

१३. मॅनेजमेंट कोट्यातून घेऊन टाकावं का? एजंट म्हणतो, जागा आजच संपेल.

थांबा. मॅनेजमेंट कोट्यालाही किमान पात्रता लागतेच, ‘टक्के नसले तरी करून देतो’ म्हणणारा फसवतोय. दुसरी गोष्ट पैशाची आहे आणि ती कुणी सांगत नाही: राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती किंवा मुलींना २०२४-२५ पासून मिळणारी व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफी (कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत) ही केंद्रीभूत, म्हणजे शासनाच्या सामाईक प्रवेशप्रक्रियेतल्या, फेऱ्यांतून आलेल्यांना आहे. तीच शाखा, तेच कॉलेज शेवटच्या फेरीत मिळू शकत असताना संस्थास्तरावर घाईने पैसे भरलेल्या पालकांना नंतर पूर्ण फी चार वर्षं भरावी लागते. मुलीचे वडील समोर बसून हा हिशेब ऐकतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. सगळ्या फेऱ्या संपू द्या, मगच संस्थेच्या दारात जा.

१४. ‘घरबसल्या तीन महिन्यांत बारावी पास’ अशी जाहिरात पाहिली. खरं असतं का?

पैसे भरू नका. मान्यता नसलेल्या मंडळाचं प्रमाणपत्र पदवीच्या प्रवेशाला किंवा नोकरीच्या पडताळणीला अडतं, आणि तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात. घरून अभ्यास करून बारावी व्हायच्या खऱ्या वाटा आहेत: राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १७ नंबर हा खासगीरीत्या नव्याने बसणाऱ्यांचा असतो. परीक्षा देऊन नापास झालेल्याने पुनर्परीक्षार्थी म्हणून आपल्याच कॉलेजातून अर्ज करायचा. एनआयओएसचं प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचं असतं, नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात, आणि नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण वर्ग करता येतात. पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. विद्यापीठ खरं की बोगस, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत बघता येतं.

१५. पदवीला चांगले गुण आहेत, पण कंपन्या दहावी-बारावीला ६० टक्के मागतात. काय करू?

कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ‘सगळीकडे ६०’ अशी चाळणी लावतात, हे खरं आहे. श्रेणीसुधाराची मुदत तोवर गेलेली असते. पण डिप्लोमावाल्यांना बऱ्याच ठिकाणी बारावीऐवजी डिप्लोमाचे गुण दाखवता येतात. बाकीच्यांनी गेट (अभियांत्रिकी पदवीधरांची राष्ट्रीय परीक्षा), पदव्युत्तर प्रवेश, छोट्या कंपन्यांतला एक-दोन वर्षांचा अनुभव यांकडे वळावं. अनुभव आला की दहावीचे गुण विचारणं कमी होत जातं. अर्जात खोटे टक्के मात्र कधीच लिहू नका, पडताळणीत नोकरी जाते.

१६. निकालापासून मुलगी कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. आम्ही काय करावं?

वरचे सगळे प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवा. तिच्यासमोर दुसऱ्या कुणाच्या गुणांचा विषय काढू नका, नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. तिच्या शेजारी बसा, विचारू नका, ऐका. जगण्यात अर्थ नाही, अशा अर्थाचं ती काहीही बोलली तर एकटीला सोडू नका आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर लगेच फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. अर्जाची मुदत हुकली तर वर सांगितलेल्या वाटा पुढच्या वर्षीही असतात.

१७. माझी बारावी २००९ ला राहिली. आता वय ३४ आहे, दुकान सांभाळते. आता होईल का?

होईल, ताई. इतक्या जुन्या विषयांचे गुण वर्ग होतील असं धरू नका, आणि अभ्यासक्रमही बदललाय. तुमच्यासाठी एनआयओएस सोयीचं, कारण पाच विषय एकदम द्यावे लागत नाहीत. दर परीक्षेला एक-दोन विषय काढत गेलात तरी चालतं, आणि वर्षात एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन परीक्षा होतात. बारावीची पुस्तकं मराठीत मिळतीलच असं गृहीत धरू नका, नोंदणीआधी माध्यम तपासा. हिंदी वाचायला जड जात नसेल तर अडचण येत नाही. बारावी झाली की मुक्त विद्यापीठाची बीए किंवा बीकॉम, जवळच्या अभ्यास केंद्रात. दहावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्रही काढून ठेवा, बहुतेकींचा अर्ज नेमका तिथेच अडकतो.